तुम्ही विचारलंत म्हणून: दूधसागर, कुठली खिडकी आणि ती राजकन्या

पहिला पाऊस पडला की माझा फोन वाजायला लागतो. ऑफिसातले, नवऱ्याचे मित्र, सोसायटीच्या ग्रुपवरचे ते काका ज्यांच्याशी एरवी पार्किंगवरून भांडण असतं, सगळ्यांचं एकच: दूधसागर धबधब्याला कधी जायचं आणि ट्रेनमध्ये कुठल्या बाजूची खिडकी घ्यायची? मलाच विचारतात कारण बाकी पोरांचा मामाचा गाव कोकणात नाहीतर देशावर असायचा, माझा होता गोव्याच्या हद्दीजवळ, घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. मामा मालगाडीवर गार्ड होता. तर एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वर्षी हेच फॉरवर्ड करेन.

खिडकीचं आधी. कुठलीही घ्या, अर्धाच मिळणार! रेल्वेचा पूल धबधब्याच्या मधून जातो, म्हणजे पुलावर असताना वरचा अर्धा एका बाजूच्या खिडकीत आणि खालची दरी दुसऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांच्या अंगावरून मोबाईल काढतात, कुणाच्या तरी डब्यातली चटणी सांडते, आणि तेवढ्यात पूल संपतो. आख्खा बघायचा असेल तर तो पुलावरून नाही, जरा लांबच्या वळणावरून दिसतो. 310 मीटर उंच, चार टप्प्यांत खाली येणारा, आणि मध्ये तो पूल कुणीतरी पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा. गाडी निवडताना एवढंच बघा की कॅसलरॉक ते घाटाखालचं गोव्यातलं कुळे हा पट्टा उजेडात येतोय, रात्रीच्या गाडीत बसून मग मला फोन करू नका.

या घाटाला ब्रगांझा घाट म्हणतात, नावावरूनच कळतं पोर्तुगीजांच्या काळातला. 1880 च्या दशकात इथे मीटर गेज टाकली, ब्रॉडगेज व्हायला 1990 चं दशक उजाडलं. 1961 ला गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉक म्हणजे इकडचं शेवटचं स्टेशन, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा तपासनाका. चढ 1 ला 37 चा आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की 1 मीटर वर. ऐकायला काहीच वाटत नाही, आपली स्कूटर यापेक्षा जास्त चढते, पण रेल्वेसाठी हा बेक्कार चढ, म्हणून गाडीला जादा इंजिनं लावतात. मामा म्हणायचा चढवणं काही नाही गं, उतरवणं अवघड. उतरताना ब्रेकचा तो जळका वास डब्यात यायचा, लोखंड तापल्यासारखा, आणि त्यातच ओल्या झाडांचा वास. दूधसागर म्हटलं की मला आधी तो वास आठवतो, धबधबा नंतर.

आता कधी जायचं. इथेच सगळी गोची आहे. धबधबा भरात असतो जुलै-ऑगस्टमध्ये, आणि खालून धबधब्यापर्यंत नेणारी जीप नेमकी तेव्हाच बंद. खालचा सगळा भाग भगवान महावीर अभयारण्यात येतो, कुळ्याहून आत जाणारा रस्ता ओढ्यांतून जातो, आणि पावसाळ्यात ते ओढे म्हणजे नद्याच. साधारण ऑक्टोबरमध्ये जीप सुरू होतात. पाणी पार करताना ते जीपच्या टायरवरून पुढे बॉनेटपर्यंत उडतं, सगळे ओरडतात, ड्रायव्हर मात्र एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने कान खाजवत असतो. शेवटचा टप्पा पायी, दगडांवरून. लाइफ जॅकेट घालावंच लागतं, आणि पोहता येतं म्हणून काढू नका, खालचे दगड शेवाळलेले असतात. खाण्याची पिशवी हातात लटकवून चाललात तर ती माकडांची झाली असं समजा. बुकिंगचं मला विचारू नका, निघण्याआधी तिथल्यांनाच फोन करा.

माझं मत विचाराल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर, आणि रविवार सोडून. एप्रिल-मेमध्ये गेलात तर काळ्या कातळावर दोन-चार पांढरे दोरे दिसतील आणि मग तुम्ही परत येऊन म्हणाल की उगाच हाइप केलीय.

रुळांवरून चालत जाऊ का, हेही दरवर्षी कुणीतरी विचारतंच. नाही. 2013 मध्ये एका हिंदी सिनेमात गाडी तिथे थांबलेली दाखवली आणि तेव्हापासून लोकांना वाटतं धबधब्याजवळचं ते दूधसागर स्टेशन आपल्यासाठीच आहे. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या 147 कलमाखाली गुन्हा आहे. 2023 च्या जुलैमध्ये तिथे पोचलेल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावलेला व्हिडिओ तुम्ही पण हसत फॉरवर्ड केला असेल. पण दंड-बिंड सोडा, त्या घाटात बोगदे आहेत, वळणं आहेत, धबधब्याजवळ पाण्याच्या आवाजात मागून येणारं इंजिन ऐकू येत नाही. मामाने आयुष्यभर ती लाइन केली, तो रुळांवर पाय ठेवताना मागे वळून बघायचा, रिटायर झाल्यावर बेळगावच्या रस्त्यावरसुद्धा बघायचा.

आणि मग पोरं असली की तिसरा प्रश्न. ती राजकन्येची गोष्ट खरी का?

मी मामीकडून ऐकली तशी सांगते. बाहेर धो धो पाऊस, क्वार्टर्समध्ये चार-चार दिवस कपडे वाळायचे नाहीत, काड्यापेटी सर्दावू नये म्हणून मामी ती तांदळाच्या डब्यात ठेवायची, आणि दिवे गेले की गोष्ट. घाटात एका राजाचा वाडा होता. त्याची मुलगी रोज जंगलातल्या तळ्यावर सख्यांबरोबर आंघोळीला जायची, आणि आंघोळ झाली की सोन्याच्या घड्यातून साखर घातलेलं दूध प्यायची. एकदा तिच्या लक्षात आलं की झाडीतून एक राजपुत्र टक लावून बघतोय. अंगावर धड कपडे नाहीत, सख्या लांब. तिने काय केलं, हातातला दुधाचा घडा समोर ओतला, दुधाचा पडदा झाला आणि त्याच्याआड तिने कपडे घातले. तेच दूध अजून वाहतंय.

लहानपणी मला फक्त साखरेचं कुतूहल होतं, पाणी चाखून बघायची इच्छा होती. आता वाटतं अख्ख्या गोष्टीत तो राजपुत्र काहीच करत नाही, नुसता बघतो. आणि ती ओरडत नाही, पळत नाही, बापाला हाक मारत नाही, हातात जे आहे त्याने स्वतःला झाकते. बऱ्याच वेबसाइटवर ही गोष्ट रोमँटिक म्हणून टाकलेली असते, मला ती कधीच तशी वाटली नाही. आणि ज्या ठिकाणाची गोष्ट ‘बघू नका’ अशी आहे तिथेच आपण जीपमागून जीप भरून बघायला जातो, मी पण जाते, तर ते असो.

खरी का, तर पोरांना मी सांगते की दूध खरंय. वरून पाणी कातळावर आपटत येतं, त्यात हवा मिसळून फेस होतो आणि तो पांढरा दिसतो, हे झालं शाळेतलं उत्तर. पण तेच पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाला जातं, तिथे शुद्ध होऊन फोंड्याला, पणजीला नळाला येतं. म्हणजे पणजीतल्या हॉटेलात तुम्ही ब्रश करताना नळ सोडलात तर... पुढचं पोरं स्वतःच पूर्ण करतात आणि मग नळ बंद करत नाहीत.

मामा गेल्यानंतर एका ऑगस्टमध्ये मी मामीला घेऊन मुद्दाम दिवसाच्या गाडीने वास्कोला निघाले होते. कॅसलरॉक सोडलं तेव्हा तिने क्वार्टर्सकडे बघितलंही नाही. दूधसागर जवळ आला तसा सगळा डबा उठला, सीटवर पाय, मोबाईल बाहेर. आणि पुलावर पोचलो तर काहीच नाही! नुसतं पांढरं धुकं, दोन हातांवरचं झाड दिसेना. आवाज मात्र असा की बोललेलं ऐकू येईना, आणि तुषार थेट आत, सीट ओली, चष्मे ओले. आमच्या समोरचा एक मुलगा पुण्याहून खास याच्यासाठी आला होता, तो रडवेला होऊन म्हणाला, “काकू, दिसलाच नाही हो.”

मामीने पदराने तोंड पुसलं. “ओतलं बाई तिनं,” ती म्हणाली, आणि पिशवीतून चकल्यांचा डबा काढून आधी त्याच्यापुढे धरला.