कळवायचं राहिलं

‘बैठक यापुढे अर्ध्या तासाची. प्रत्येक कामासमोर एकच नाव. गैरहजर माणसाच्या गळ्यात काम मारायचं नाही.’ आमच्या विद्यार्थी मंडळाच्या गटावर नव्या पोरांचा हा निरोप सगळ्यांना आला, तसा मला, अध्यक्षालाही आला. आधी कुणी विचारलं नाही. विचारायलाच हवं होतं असं नाही. पण नाही विचारलं.

तिन्ही नियम बरोबर आहेत, म्हणून जास्त लागतंय. चुकीचे असते तर भांडता तरी आलं असतं. मग सचिवाचा वेगळा निरोप: ‘ताई, तुला आधी कळवायचं राहिलं गं.’ राहिलं म्हणे!

‘मंडळ तुमचं आहे’ हे वाक्य भाषणात फार छान वाजतं. प्रत्यक्षात बहुतेक मंडळांत कामं वाटली जातात, निर्णय वाटले जात नाहीत. फलक नव्या मुलांनी रंगवायचा, त्यावर काय लिहायचं ते अध्यक्षांनी सांगायचं. अध्यक्षांना वेळ होत नाही, मुलं वाट बघत बसतात, आणि शेवटी ‘पोरं मनावरच घेत नाहीत’ असा शेरा पडतो. त्यापेक्षा काम सोपवतानाच तीन गोष्टी स्पष्ट करून टाकाव्यात: काय स्वतःच ठरवायचं, काय ठरवून नंतर कळवायचं आणि काय विचारल्याशिवाय करायचंच नाही. पैसा, मंडळाच्या नावानं बाहेर जाणारं पत्र आणि कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न, हे तिसऱ्या खणात. बाकी जवळपास सगळं पहिल्या दोन खणांत बसतं.

बैठकीची वेळ? दुसऱ्या खणात. ठरवायचं आणि कळवायचं. म्हणजे पोरांनी अगदी शिस्तीत केलं. तरीही.

एका कामाला एकच नाव, हा तर त्यांच्यातला सगळ्यात शहाणा नियम. इतिवृत्ताच्या वहीत ‘जबाबदारी’च्या रकान्यात ‘सर्वजण’ लिहिलं की ते काम मेलं म्हणून समजावं. माणसं आळशी असतात म्हणून हे होतं असं नाही. प्रत्येकाला प्रामाणिकपणे वाटतं की दुसरा कुणीतरी बघतोय. रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्यानं दोर ओढायला लावून हे मोजलं होतं. त्याचे आकडे १९१३ साली छापून आले: आठ जण मिळून ओढतात तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याचा जोर एकट्यानं ओढताना लागतो त्याच्या जेमतेम निम्मा भरतो. या घटीतला काही भाग ताल न जमल्याचा, काही अंग राखल्याचा. पुढे १९७९ साली टाळ्या आणि ओरडण्यावर असेच प्रयोग झाले. नंतर असंही दिसलं की प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे माहीत असलं की ही अंगचोरी जवळजवळ थांबते. ‘एकच नाव’ म्हणजे तेवढंच. मदतीला चार जण असू देत, पण ‘कुठवर आलं?’ असं विचारलं की एकानंच मान वर करायची.

नाव लिहूनही कामं अडतात, ते वेगळ्या कारणांनी. पहिलं पाऊल फार मोठं असतं. ‘वाचनकट्टा सुरू करणं’ हे काम नव्हे. ‘बुधवारपर्यंत खोलीसाठी अर्ज देणं’ हे काम. दुसरं म्हणजे विचारपूस मुदतीच्या दिवशी होते, तेव्हा काही सुधारता येत नाही. ती निम्म्या वाटेवर व्हावी. आणि सगळ्यात घातक प्रकार म्हणजे कुणाचं पत्रक आवडलं नाही म्हणून रात्रीतून ते स्वतः पुन्हा करून टाकणं. त्या मुलाला पुढच्या वेळी हात लावायची इच्छाच राहत नाही, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. बैठकीतही तेच. अध्यक्ष आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. त्यानं शेवटी बोलावं. प्रश्न विचारून मनात दहा अंक मोजावेत. सहाव्या-सातव्याला कुणीतरी बोलतंच, कारण ती शांतता त्यालाही सोसत नाही.

हे सगळं मला पाठ आहे. पाठ असलेलं घडलं की इतकं का टोचावं?

मग रॉजर हार्ट या अभ्यासकाची शिडी आठवली. १९९२ साली युनिसेफसाठी त्यानं मुलांच्या सहभागाच्या आठ पायऱ्या मांडल्या. खालच्या तीन नुसत्या देखाव्याच्या: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं, नावापुरतं बसवणं. गंमत म्हणजे सगळ्यात वरची पायरी मुलांनी सगळं आपलं आपण करण्याची नाहीच. ती सुरुवात मुलांनी करून निर्णयात मोठ्यांनाही सोबत घेण्याची आहे. क्षणभर बरं वाटलं. हार्टसाहेब माझ्या बाजूनं! मग लक्षात आलं, त्या शिडीवर मला ‘मोठ्यां’त बसावं लागतंय. दोन वर्षं पुढे आहे म्हणून. इतकी काही मी म्हातारी झाले नाही.

तिसरा नियम मात्र कुणाकडे बघून लिहिलाय ते कळतंय. जाऊ दे.

निवडणुकीआधी सुपूर्दीची वही पूर्ण करायची आहे. सभागृहाचा अर्ज किती दिवस आधी लागतो, सही कुणाची आधी आणि कुणाची नंतर, ध्वनिक्षेपकाची कुठली तार सैल आहे, खात्याचा पासवर्ड बदलायचा कसा, उरलेल्या पावत्या कुठल्या फायलीत आहेत. हे अजून फक्त माझ्याच डोक्यात आहे. प्रत्येक नोंदीखाली ‘माझं मत’ लिहायचा मोह होतोय. समासात थोडी जागा ठेवते.