थिनर विमानाने पाठवताना: चौदाव्या विभागाचा छळ

थिनर विमानाने पाठवायचं म्हटलं की लोक खोकं, लेबलं आणि फॉर्मला घाबरतात. ते सगळं शिकता येतं. माझं घोडं पेंड खाऊन बसलं ते त्याच्या कितीतरी आधी, उत्पादकाच्या सेफ्टी डेटा शीटवर, म्हणजे रसायनाचे धोके आणि हाताळणी सांगणाऱ्या कागदावर.

माल साधा होता. टोल्युइन आणि ॲसिटोनचं थिनर, पाच-पाच लिटरचे चार पत्र्याचे डबे, एकाच खोक्यात. शीटच्या नवव्या विभागात फ्लॅश पॉइंट (द्रवाची वाफ ठिणगीने पेटू शकते ते सर्वांत कमी तापमान) दिलेला, उणे ९ अंश सेल्सिअस. चौदाव्यात, म्हणजे वाहतुकीच्या माहितीत, यूएन १२६३ (मालाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), क्लास ३ (ज्वलनशील द्रवं), पॅकिंग ग्रुप ३ (धोक्याची पातळी, १ म्हणजे सर्वांत धोकादायक). आता हे दोन आकडे एका कागदावर नांदणार कसे? साधारण ६० अंशांपर्यंत फ्लॅश पॉइंट असलेली द्रवं क्लास ३ मध्ये येतात. उकळायला ३५ अंशांच्या आतच लागलं तर ग्रुप १. उत्कलनबिंदू त्याच्या वर, पण फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली, तर ग्रुप २. २३ ते ६० असेल तर ग्रुप ३. माझं थिनर उघडउघड ग्रुप २ मधलं.

या एका आकड्यावर सगळा प्रवास ठरतो. ग्रुप ३ असता तर माझे वीस लिटर प्रवासी विमानाच्या पोटातून निघून गेले असते, कारण तिथे खोक्यामागे ६० लिटरची मुभा आहे. ग्रुप २ ला तीच मुभा ५ लिटर. त्यापुढे मालवाहू विमानच, तेही खोक्यामागे ६० लिटरपर्यंत, आणि वर नारिंगी 'कार्गो एअरक्राफ्ट ओन्ली' लेबल. फॉरवर्डरला, म्हणजे माल विमान कंपनीपर्यंत पोचवणाऱ्या एजंटला, अर्थातच पहिला मार्ग आवडला. "मॅडम, शीटवर तीन आहे ना, मग तीनच टाकू, लगेच जाईल." जाईल हो, पण शिपर्स डिक्लेरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर, सही माझी. वर्गीकरणाची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते, शीट छापणाऱ्याची नाही. मी नाही म्हटलं, आणि तिथून वाट पाहणं सुरू झालं.

उत्पादकाच्या तांत्रिक विभागाला मी दोन्ही विभाग शेजारी शेजारी ठेवून मेल लिहिला. उत्तरात तीच पीडीएफ परत आली. पुन्हा लिहिलं, तर "आमची या मालिकेतली सगळी उत्पादनं याच ग्रुपमध्ये जातात." फोन केला की संबंधित व्यक्ती मीटिंगमध्ये. शेवटी कुणीतरी नियमाचा आधार काढला: घट्ट द्रवांना सवलत आहे म्हणे.

सवलत आहे, हे खरं. पेंट, वॉर्निश, चिकटद्रव्यं यांसारखी घट्ट द्रवं फ्लॅश पॉइंट २३ च्या खाली असूनही ग्रुप ३ मध्ये बसवता येतात. पण त्यासाठी घट्टपणा ठरावीक तक्त्यात बसावा लागतो, आणि नमुना ठेवून दिल्यावर वर सुटून आलेल्या सॉल्व्हंटचा (पातळ करणाऱ्या द्रवाचा) थर एकूण उंचीच्या ३ टक्क्यांपेक्षा कमी भरावा लागतो. थिनरमध्ये वेगळं सुटायला आहे काय? ते अख्खंच सॉल्व्हंट! झालं काय ते मला एव्हाना कळलं होतं. त्यांच्या पेंटला ही सवलत रीतसर लागू होती, आणि पेंटची शीट कॉपी करून थिनरची बनवली होती. यूएन १२६३ मध्ये पेंट आणि थिनर दोन्ही येतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला खटकतही नाही. मी घट्टपणाचा आकडा आणि त्या चाचणीचा अहवाल मागितला. मग बराच काळ शांतता, आणि एके सकाळी नव्या तारखेची शीट हजर, चौदाव्या विभागात ग्रुप २. सोबत एक ओळही नाही. मला राग आला, पण त्याहून जास्त बरं वाटलं.

डिक्लेरेशनवर मी आधीच ग्रुप २ लिहून माल का पाठवला नाही, असं कुणी विचारेल. आयएटीए या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या नियमांत शीट जोडायची सरसकट सक्ती नाही, मान्य. पण फॉरवर्डर ती मागतोच, आणि विमान कंपनीच्या काउंटरवर शीट एक बोलते, डिक्लेरेशन दुसरं बोलतं म्हटल्यावर खोकं बाजूला पडतं. तपासणीच्या यादीत एक 'नाही' पुरतो. म्हणून शीट माल मागवण्याआधी मागा, आणि नववा व चौदावा विभाग एकत्र वाचा.

बाकीचं सुरळीत झालं. खोकं यूएन खुणेचं, म्हणजे चाचणी पास झाल्याची छापील खूण असलेलं, घेतलं होतं. त्या खुणेत वाय किंवा एक्स अक्षर हवं. झेड असलेलं खोकं फक्त ग्रुप ३ ला चालतं, म्हणजे जुन्या शीटवर विसंबून खोकं घेणारा दुसऱ्यांदा अडकला असता. भरलेल्या खोक्याचं वजन खुणेतल्या किलोच्या आत ठेवा. डिक्लेरेशनच्या कडेच्या तिरप्या पट्ट्या लाल छापायच्या असतात, तेव्हा रंगीत प्रिंटर बघून ठेवा. त्यावर खाडाखोड केलीत तर तिथेही तीच सही करावी लागते. नावाच्या जागी 'थिनर' लिहू नका. यादीतलं नाव 'पेंट रिलेटेड मटेरियल' असं आहे. आणि हो, वरची बाजू दाखवणारे बाण समोरासमोरच्या दोन बाजूंवर लागतात. माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाचं खोकं एवढ्यासाठीच परत गेलं.