श्वास हलला

"आजी, हललात का?" पेट-सीटी स्कॅनच्या टेबलापाशी येऊन टेक्निशियनने विचारलं.

आई पडल्या पडल्या म्हणाली, "मी कुठे हलले? श्वास हलला असेल!"

तो हसलाच. म्हणे, अगदी बरोबर. या स्कॅनमध्ये दोन चित्रं काढून एकमेकांवर बसवतात: सीटी म्हणजे क्ष-किरणांनी काढलेलं शरीराच्या रचनेचं, आणि पेट म्हणजे टोचलेलं किरणोत्सारी औषध कुठे साठलंय त्याचं. सीटी काही सेकंदांत उरकतं, पेटला मात्र १५-२० मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात छाती आणि पोटामधलं श्वासपटल दोनेकशे वेळा वरखाली होतं. मग दोन चित्रं एकमेकांवर नीट बसत नाहीत. यकृताच्या माथ्यावरचा ठिपका चक्क फुप्फुसात दिसू शकतो! तेवढा भाग पुन्हा घेतला. "श्वास रोखू नका, संथ घ्या," एवढंच सांगून.

आणि मी सकाळपासून तिला दटावत होते, अजिबात हलू नकोस म्हणून.

येताना रिक्षात ती म्हणाली, "आता तूही घे जरा श्वास."