वेंगुर्ल्यातून लॅपटॉपसकट परदेशी: आमची वाटचाल

वेंगुर्ल्याच्या बाजारात आमचं प्रवासाचं छोटं ऑफिस आहे. रेल्वेची आरक्षणं, पासपोर्टचे अर्ज, विमानाची तिकिटं आणि वर्षाकाठी दुबई किंवा सिंगापूरची एखादी सहल, एवढाच आमचा व्याप होता. आज यातलं बरंचसं काम लोक मोबाईलवरच करून घेतात. तरी आमचं ऑफिस चालू आहे आणि वाढतंय. त्याचं कारण आमचं दुसरं काम. उद्योजक आणि घरून नोकरी करणारी मंडळी, अशा दहा-बारा जणांचा गट आम्ही दोन-तीन आठवडे परदेशात घेऊन जातो. तिथे ते रोजचं काम करतात, एकमेकांच्या धंद्यातल्या अडचणी सोडवतात आणि उरलेल्या वेळात तो मुलूख बघतात.

याची सुरुवात आमच्या माडीवर झाली. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी आले ते लॅपटॉप घेऊनच. गणपती झाले, दिवाळी झाली, तरी परतायचं नाव नव्हतं. घरात रेंज नाही, माजघरात बसून कॉल घ्यायचा तर मागे मिक्सर चालू. आमच्याकडे फायबरचं कनेक्शन आणि इन्व्हर्टर असल्याने एकेक जण विचारायला येऊ लागला. माडीवरची जुनी टेबलं पुसली, प्लगची पॉइंटं वाढवली आणि महिन्याच्या बोलीवर जागा द्यायला लागलो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, सिंधुदुर्गात ठिकठिकाणी विजेचे खांब आडवे झाले. तेव्हा नवऱ्याने जनरेटर भाड्याने आणला. सकाळी दार उघडायच्या आधीच खालून हाक यायची, ‘वयनी, लाईट आसा मा?’

त्या माडीवर मी एक गोष्ट रोज बघत होते. बँकेचं सॉफ्टवेअर बघणारा मुलगा, कॅनडातल्या दुकानांची हिशेबवही लिहिणारी मुलगी आणि काजूचा कारखाना चालवणारे आमचे शेजारी दुपारच्या चहाला एका टेबलावर बसायचे. पंधरा दिवसांत काजूवाल्यांचा साठा वहीतून एक्सेलवर आला. कोणी वर्ग घेतला नव्हता, शेजारी बसल्यामुळे झालं. पण काजूवाल्यांना दर अर्ध्या तासाने कारखान्यातून फोन यायचा आणि ते उठून जायचे. आमच्याकडच्या छोट्या उद्योजकाला धंद्याचा विचार करायला सलग वेळ मिळतच नाही. गल्ला, कामगार, लग्नं, बारशी, देवळातल्या बैठका. गावात राहून ‘मी आज नाही’ असं म्हणायची सोय नसते. परदेशात गेलेला माणूस मात्र खरोखर नसतो, आणि गावही ते मान्य करतं.

जगात ही कल्पना नवी नव्हती. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरने को-वर्किंगची, म्हणजे वेगवेगळ्या कामांच्या माणसांनी एकत्र बसून काम करायची, पहिली जागा सुरू केली असं मानतात. इंडोनेशियात, बालीतल्या उबुदला २०१३ मध्ये ‘हुबुद’ नावाची बांबूची जागा निघाली. जर्मनीत बर्लिनपासून दूर, ब्रांडेनबुर्गमधल्या एका खेड्यात जुन्या वाड्यावर ‘कोकोनाट’ नावाचं ठिकाण आहे, तिथे लोक राहून काम करतात. त्याची माहिती वाचली तेव्हा आम्हाला खरा धीर आला. शहर नाही, विमानतळ जवळ नाही, तरी लोक जातात, कारण तिथे काम होतं.

कुठे जायचं हे ठरवताना आम्ही समुद्र, हॉटेल, भाडं सगळं बाजूला ठेवलं आणि घड्याळ पुढे घेतलं. आमच्या माडीवरच्या निम्म्या लोकांचे ग्राहक युरोप-अमेरिकेत. न्यूयॉर्कला थंडीत सकाळचे ९ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात आणि बालीत रात्रीचे १०. म्हणजे अमेरिकेचं काम करणारा माणूस बालीत मध्यरात्रीपर्यंत कॉलवर आणि सकाळी सगळे कामाला बसले की हा झोपलेला. त्याच्या पैशांचं चीज होणार कसं? श्रीलंकेचं घड्याळ मात्र आपल्याशी मिनिटाला मिनिट जुळतं. म्हणून पहिली निवड श्रीलंका. २०२२ मध्येच निघायचं होतं, पण त्या मार्चअखेरीस तिथे दिवसाला १३ तास वीज जात होती, पेट्रोलला रांगा लागल्या होत्या. बेत पुढे ढकलला आणि २०२३ च्या सुरुवातीला पहिला गट तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या अहंगमाला नेला.

त्या गटात कुडाळकडच्या एक काकी होत्या. कोकमाचं आगळ आणि सोलं करतात. त्यांना आणायला त्यांच्या सुनेनेच आमच्याकडे खेपा घातल्या, कारण काकींचं एकच पालुपद, ‘माका एकटीक कोण धाडतला?’ अहंगमाला घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात काळी, सुकलेली सालं दिसली आणि काकींनी एक उचलून सरळ जिभेवर ठेवली. ती गोरका. आपल्या कोकमाच्याच गार्सिनिया जातकुळीतली, तिथे माशाच्या आंबट कालवणात घालतात. तासभर दोघींनी खुणांनी एकमेकींना कालवणं समजावली.

पण काकींना धंद्याची गोष्ट मिळाली ती दालचिनीच्या शेडमध्ये. एक बाई मांडी घालून बसली होती. फांदीची वरची खरबरीत साल तिने खरवडली, पितळी दांडक्याने आतली साल घासघासून सैल केली, मग सुरीने दोन चिरा देऊन ती अखंड सोडवली. या सालींच्या सुरळ्या एकात एक भरून वाळवतात. सर्वांत बारीक सुरळीला ‘आल्बा’ म्हणतात, तिला सर्वांत जास्त भाव. जाडी वाढली की प्रत उतरते, भाव उतरतो. २०२२ मध्ये सिलोन दालचिनीला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं. कोकमालाही आपल्याकडे मानांकन आहे, पण काकी आपली सगळी सोलं एकाच पिशवीत, एकाच भावाने विकत होत्या. त्या संध्याकाळी गटातल्या मुलांनी त्यांच्याबरोबर बसून तीन प्रती पाडल्या, प्रत्येकीचा खर्च काढला, लेबलचा मजकूर केला. पुढच्या हंगामात काकींची पहिली प्रत वेगळ्या डब्यात, वेगळ्या भावाने गेली. दालचिनी आपल्या परसातही होते, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ ही जात कोकणात कित्येकांनी लावली आहे. पण सुरळीचा भाव जाडीवर ठरतो हे त्या बाईचे हात बघितल्यावरच डोक्यात शिरलं.

बाली आम्ही नंतर घेतलं, ते ज्यांचं काम भारतातल्या किंवा ऑस्ट्रेलियातल्या ग्राहकांशी आहे त्यांच्यासाठी. २०२५ च्या मार्चमधल्या गटाच्या मुक्कामात न्येपी आला. न्येपी म्हणजे तिथल्या हिंदूंचा शक वर्षाचा पहिला दिवस. तोच आपला शालिवाहन शक, आकडाही तोच, १९४७. त्या दिवशी दिवा नाही, काम नाही, घराबाहेर पडायचं नाही, करमणूक नाही. विमानतळ चोवीस तास बंद, मोबाईलचा डेटा बंद. पेचालांग म्हणजे गावचे राखणदार रस्त्यावर फिरतात, कुठे उजेड दिसला तर येऊन सांगतात. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाचे राक्षसांचे अक्राळविक्राळ पुतळे वाजतगाजत निघाले. शिमगा नुकताच आटोपून आलेली आमची मंडळी त्यात लगेच रमली.

न्येपीला शनिवार होता, त्यामुळे ग्राहकांची अडचण नव्हती. सगळ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवली होती आणि घराचा वायफायही आम्ही मालकांना बंद करायला सांगितला. दिवसभर कागद-पेन्सिल घेऊन लोक व्हरांड्यात बसले. इव्हेंटचं काम करणाऱ्या एका मुलाने त्या दिवशी ठरवलं की साखरपुड्याची छोटी कामं बंद करायची, कारण कागदावर मांडल्यावर त्यात मजुरीसुद्धा सुटत नव्हती. दुसऱ्या दिवशी, ३० मार्चला, आपला पाडवा. बांबू मिळाला, आंब्याचा डहाळा मिळाला, घरमालकांनी तांब्या दिला. गुढी उभी राहिली आणि सोमवारी सगळे पुन्हा कॉलवर.

आम्ही जागा पक्की करतो तेव्हा फोटोंवर जात नाही. आमच्यापैकी एक जण आधी जाऊन राहतो आणि रात्री ७ ते १० या वेळात नेट तपासतो, कारण सगळ्या घरांतून सिनेमे चालू असतात तेव्हाच खरं काय ते कळतं. डाउनलोडपेक्षा अपलोड बघायचा. दोन वेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं हवीत. खुर्चीवर दोन तास बसून बघायचं, कारण वेताच्या सुंदर खुर्च्यांत तिसऱ्या दिवशी कंबर धरते. कॉलसाठी दार लागणारी वेगळी खोली नसेल तर ती जागा बाद. बाकीचं सगळं जमवता येतं.

नियमांच्या बाबतीत आम्ही कडक आहोत. पर्यटक व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना नव्हे, आणि प्रत्येक देशाचे नियम निराळे. थायलंडने जुलै २०२४ मध्ये दूरस्थ काम करणाऱ्यांसाठी पाच वर्षांचा ‘डीटीव्ही’ व्हिसा आणला, एका खेपेला १८० दिवस राहता येतं, पण खात्यात ५ लाख बाट दाखवावे लागतात. इंडोनेशियाच्या दूरस्थ कामाच्या व्हिसाला वर्षाला ६० हजार डॉलर उत्पन्न लागतं. हे सगळं आम्ही लेखी देतो आणि नोकरदारांकडून कंपनीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम घेत नाही. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घ्यायचा आयकर, कापला जातो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ लाखांच्या वर तो थेट २० टक्के झाला होता, एप्रिल २०२५ मध्ये ही मर्यादा १० लाखांवर गेली आणि एप्रिल २०२६ पासून मर्यादा जाऊन तो सरसकट २ टक्के झाला. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात, हे छोट्या माणसाला आधीच सांगायला हवं.

गटांच्या तारखा कोकणच्या पंचांगावर ठरतात. मार्च ते मे आंबा, काजू, कोकमवाले हलू शकत नाहीत. भाद्रपदात कोणीच नाही. डिसेंबरात निवास-न्याहारीवाल्यांच्या खोल्या भरलेल्या. त्यांना मोकळा वेळ आषाढ-श्रावणात, आणि तेव्हा श्रीलंकेचा दक्षिण किनाराही आपल्यासारखाच पावसात असतो. बालीत मात्र कोरडा हंगाम. म्हणून घरगुती निवास चालवणाऱ्या बायकांचा गट आम्ही जुलैत बालीला नेतो. तिथल्या घरवाल्या न्याहारीचा दर खोलीत धरतात की वेगळा लावतात, पाहुण्याने रद्द केलं तर किती कापतात, हे त्या स्वतः बसून विचारतात. दुपारी टेबलावर आपापलं दरपत्रक नव्याने लिहितात.

अमेरिकेसाठी काम करणाऱ्यांकरता आता जॉर्जियातल्या तिबिलिसीचा विचार चालू आहे. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे थंडीत न्यूयॉर्कची सकाळ तिथल्या संध्याकाळी सहाला सुरू होते आणि माणूस वेळेवर जेवू शकतो. व्हिसाची कागदपत्रं गोळा करतोय. ती झाली की नवरा कुडाळहून कोकणकन्येने मुंबईला आणि तिथून पुढे जाईल. रात्रीचं नेट आणि खुर्च्या बघून आल्यावर तारखा जाहीर करू.