तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅगन असताना वाघ कशाला?

मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' चालवतो, म्हणजे टेबलाभोवती बसून, पात्रं रंगवत, फासे टाकत खेळायचा गोष्टीचा खेळ. माझ्या टेबलावर नव्याने बसणारा खेळाडू दोन-तीन सत्रांनंतर हमखास विचारतो, "तुमच्याकडे ड्रॅगन आहेत, लिच (मरूनही न मेलेले मांत्रिक) आहेत, मग उठसूट वाघ काय काढता?" प्रश्न रास्त आहे. खेळाच्या २०१४च्या नियमांत वाघाचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे तो किती अवघड याचा आकडा, आहे १. आर्मर क्लास (फटका बसणं किती कठीण) १२, हिट पॉइंट (किती मार सोसेल) ३७. चौघांनी घेरला तर दोन-तीन राउंडमध्ये खलास.

पण घेरायला तो आधी दिसायला हवा ना! वाघाच्या आकड्यांच्या त्याच चौकटीत स्टेल्थ (लपूनछपून वावरणं) +६ असं छापलेलं असतं, ते कुणी वाचत नाही. वीस फूट सरळ धावत येऊन पंजा बसला की डीसी १३चा स्ट्रेंग्थ सेव्ह, म्हणजे फासा टाकून ताकदीच्या जोरावर किमान १३ गाठायचे. तो हुकला की माणूस आडवा, आणि त्याच टर्नमध्ये बोनस अ‍ॅक्शन (जादा कृती) म्हणून चावा. दोन्ही मिळून सरासरी पंधरा डॅमेज. पहिल्या लेव्हलचा विझार्ड आठ हिट पॉइंट घेऊन फिरत असतो.

बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे माझ्यासारखे खेळ चालवणारे) मात्र वाघाला गॉब्लिनसारखा चालवतात. समोर उभा करायचा आणि मरेपर्यंत लढवायचा. कुठला वाघ असा मरेल? पोटासाठी आलेलं जनावर ते, आज पाय दुखावला तर उद्या उपाशी. माझा वाघ एकदाच झडप घालतो. साधलं तर उचलून नेतो, नाही तर झुडपात दिसेनासा होतो, आणि पंधरा-वीस हिट पॉइंट गेल्यावर तर थांबतच नाही. एकदा असाच पळाला. मंडळी खूश, लगेच एक्सपीचा (अनुभवाच्या गुणांचा) हिशोब सुरू. मी एवढंच म्हटलं, "पाखरं अजून गप्पच आहेत." पुढचा तासभर कुणी आपल्या पात्राला पाण्यावर एकटं जाऊ दिलं नाही. त्या तासात मी फासा हातातसुद्धा घेतला नव्हता.

नरभक्षक आणायचा तर त्याला कारण द्यावं लागतं. कुमाऊंमधल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी सांगतात. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये तिला मारलं, तेव्हा तिचे उजवीकडचे वरचा-खालचा दोन्ही सुळे मोडलेले निघाले. हे मी सरळ ढापलं. माझ्या मोहिमेत प्रेतांच्या मानेवर चाराऐवजी दोनच भोकं होती. झालं! व्हॅम्पायर समजून सगळे लसूण गोळा करत सुटले. (या नियमांत लसणाने व्हॅम्पायरचं काही वाकडं होत नाही, ते सोडा.) तिसऱ्या प्रेताशेजारी पंजाचा ठसा सापडला तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, ती मला ड्रॅगनने कधी मिळवून दिलेली नाही.

"मग राक्षस?" हा पुढचा प्रश्न. या खेळातला राक्षस वाघाच्या तोंडाचा. १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल' या खेळातल्या राक्षसी प्राण्यांच्या पुस्तकातल्या चित्रात तर तो ऐटीत पाइप ओढतोय. रामायणातले राक्षस कामरूपी, हवं ते रूप घेणारे, तेव्हा हे एकच वाघतोंड कायमचं चिकटवलेलं आपल्याला जरा विचित्रच वाटतं. २०१४च्याच नियमांत चॅलेंज रेटिंग १३, सहाव्या लेव्हलपर्यंतचे स्पेल (मंत्र) त्याची मर्जी नसेल तर लागत नाहीत, वगैरे वगैरे. मला या सगळ्यात आवडतात ते त्याचे हात. तळवे उलटे, माणसाच्या हाताची मागची बाजू असते तिथे.

वेषांतराच्या स्पेलने डोळे फसतात, स्पर्श फसत नाही. म्हणून माझा राक्षस यजमान होऊन भेटतो आणि पाहुण्याला स्वतःच्या हाताने पेला देतो. एका सत्रात पेला घेताना आमच्या 'रोग'ची (Rogue, चोरट्या पात्राची) बोटं त्याच्या हाताला लागली. दिसत होता गुळगुळीत तळवा. "बोटांना केस लागले, दाट, आखूड," मी म्हणालो. खेळाडूने पेला न पिता हळूच खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "खिडकी माझ्यापासून किती फुटांवर आहे?"