खुर्ची रिकामी आहे तोवर

कोचला काढल्याचं पत्रक सगळ्या फुटबॉल क्लबांचं सारखंच असतं. जेमतेम चार ओळी. निर्णय किती जड अंतःकरणाने घेतला ते पहिलीत, केलेल्या मेहनतीबद्दल आभार दुसरीत, पुढच्या वाटचालीस शुभेच्छा तिसरीत, आणि चौथीत ‘नव्या प्रशिक्षकाचा शोध सुरू झाला आहे’. पहिल्या तीन ओळी कोणी वाचत नाही. चौथी वाचली की चाहत्याच्या अंगात बारा हत्तींचं बळ येतं. काल रात्री ‘आता या संघाचं तोंड बघणार नाही’ म्हणून टीव्ही बंद केलेला माणूस सकाळी उठल्या उठल्या तीन नावं घेऊन हजर असतो. त्यातलं एक नाव कालच्या रात्रीपर्यंत त्यानेही ऐकलेलं नसतं.

आमच्या संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गुणतालिकेत तो शोधायचा असेल तर खालून मोजायला लागा, लवकर सापडतो. ज्यांचं नशीब आमच्यासारखं आहे त्यांना तो आपलाच वाटेल, आणि ज्यांचं नाही त्यांनी एखादा हंगाम धीर धरावा.

पण मला विचाराल तर हरणाऱ्या संघाच्या चाहत्याचे हंगामातले सगळ्यांत सुखाचे दिवस हेच. जुना गेलाय, नवा यायचाय. रिकामी खुर्ची एकही सामना हरत नाही. या दिवसांत संघ हरला तर ते गेलेल्याच्या खात्यावर, ‘त्याने करून ठेवलेली घाण निस्तरायला वेळ लागणारच’. आणि चुकून जिंकला तर ‘बघा, तो गेला आणि पोरं मोकळेपणी खेळली’. दोन्हीकडून आपणच बरोबर. अशी सोय बाकी वर्षभर कुठे असते?

शोधाचा नियम एकच: नवा माणूस मागच्याच्या बरोब्बर उलटा हवा. मागचा मवाळ होता, तर आता खडूस पाहिजे. मागच्याला ‘आपला क्लब कधी कळलाच नाही’, तर आता क्लबचाच जुना खेळाडू आणा, त्याच्या रक्तात क्लब आहे. तो वर्ष-दीड वर्षात आपटला की ‘रक्ताचं ठीक आहे हो, पण डोक्याचं काय?’ म्हणून पुन्हा बाहेरचा. चाहत्यांनी असं करावं हे समजू शकतं, आपल्याला कुठे सही करायचीय! पण क्लबवालेही याच चालीने जातात. मँचेस्टर युनायटेडचंच बघा. २०१३ मध्ये अ‍ॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त झाले, तर त्यांच्याच पसंतीचे, त्यांच्याच स्कॉटलंडचे डेव्हिड मॉयेस आले. त्यांना हा व्याप झेपला नाही, हंगाम संपायच्या आतच ते गेले. तेव्हा मोठ्या नावाचे लुई व्हॅन गाल. त्यांचा खेळ बघताना डोळा लागतो, म्हणून २०१६ मध्ये जोसे मोरिन्यो. ते सगळ्यांशी भांडतात, म्हणून २०१८ च्या शेवटी सदा हसतमुख ओले गुन्नार सोल्स्कयार, क्लबचाच जुना गोलवीर. ते फारच गोड निघाले, म्हणून मध्ये एक हंगामी माणूस ठेवून २०२२ मध्ये शिस्तीचे एरिक टेन हाग. प्रत्येक नेमणुकीने आधीच्या तक्रारीचं उत्तर दिलं. पुढच्या तक्रारीला ती कधीच पुरली नाही.

बरं, कोचची पारख आम्ही करतो कशावरून? तो रेघेशी कसा उभा राहतो यावरून. हसू नका, आम्हाला दुसरं दिसतंच काय? सराव बंद दाराआड, ड्रेसिंग रूममधलं बोलणं आत, कोणत्या खेळाडूचा गुडघा सुजलाय हे गुपित. दिसतो तो नव्वद मिनिटं पांढऱ्या रेघेपाशी ताटकळणारा माणूस. खिशात हात घालून उभा असला आणि संघ पुढे असला की ‘काय शांत डोक्याचा!’ तेच हात, तोच खिसा, आणि दोन गोल खाल्ले की ‘ह्याला कशाचं काही पडलेलंच नाही’. वहीत लिहिणारा जिंकताना अभ्यासू असतो, हरताना कारकून. हातवारे करणाऱ्याला आधी तळमळीचा म्हणायचं, मग थयथयाट करणारा. कोट घालून येणाऱ्याला तर मी जिंकतानाही शिव्या पडलेल्या ऐकल्यात.

आमच्या कंपूतला सर्वांत धाकटा मात्र असल्या वरवरच्या गोष्टींना भीक घालत नाही. त्याला ‘सिस्टिम’ हवी. परवा त्याने आपल्या आवडत्या उमेदवाराची व्यूहरचना टेबलावर मांडून दाखवली. चष्म्याचं घर, टीव्हीचा रिमोट आणि किल्ल्यांचा जुडगा हे तीन बचावपटू. त्यांच्यापुढे चार पेनं. त्यापुढे बाटल्यांची तीन झाकणं, ती आघाडीला. मग त्याने रिमोट हळूच पुढे सरकवत पेनांच्या रांगेत नेला.

‘‘हा चेंडू घेऊन मधल्या फळीत येतो. म्हणजे तिथे आपण एकाने जास्त.’’

कंपूतले काका पुढे वाकून बघत होते. ‘‘आणि चेंडू गेला तर?’’

‘‘तर हा धावत मागे.’’

‘‘हा? अरे, आपला सेंटर बॅक, हा मधला बचावपटू, वळेपर्यंत समोरच्याचा गोल मारून, नाचून होतो!’’

‘‘काका, कोच बदलला की ते सुधारतं.’’

‘‘पाय बदलणारेत का त्याचे?’’

आमच्यातल्या हिशेबतपासनीस ताई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘गोलकीपर कुठाय?’’ धाकट्याने टेबलावर पाहिलं. ठेवायला काही उरलं नव्हतं. ‘‘मग ही आपलीच टीम,’’ ताई म्हणाल्या.

काकांचा पक्ष ‘थांबा आणि बघा’वाल्यांचा. म्हणजे कोच जायच्या आधी ते तसे असतात, गेल्यावर तेही नावं सुचवतातच. त्यांचं ब्रह्मास्त्र म्हणजे फर्ग्युसन. नोव्हेंबर १९८६ मध्ये आलेल्या या माणसाला तीन वर्षांत काही जिंकता आलं नव्हतं आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्यांच्याच मैदानात ‘तीन वर्षं नुसत्या सबबी’ अशा आशयाचं, निरोप देणारं फलक झळकलं होतं. त्या हंगामात संघ लीगमध्ये तेरावा आला. पण मे १९९० मध्ये एफए कप हा इंग्लंडचा जुना करंडक मिळाला, आणि पुढच्या तेवीस वर्षांत तेरा लीग विजेतेपदं. ही गोष्ट काका अशी सांगतात की जणू ते फलक त्यांनीच खाली उतरवलं होतं.

अडचण एवढीच की इतिहासाच्या भात्यात सगळ्यांसाठी बाण असतात. धाकट्याने झाबी अलोन्सो काढला. ऑक्टोबर २०२२ मध्ये बायर लेव्हरकुसेन अठरा संघांत सतरावा होता. मोठ्या संघाला शिकवायचा अनुभव नसलेला हा माणूस आला, आणि २०२३-२४ चा जर्मन लीगचा अख्खा हंगाम संघ एकही सामना न हरता विजेता झाला. म्हणजे काढणंच बरोबर, आणि नवखाच बरोबर! यावर काकांनी क्लॉडिओ रानिएरी टाकले. नोव्हेंबर २०१४ मध्ये ग्रीसचा संघ चिमुकल्या फॅरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरला आणि रानिएरींची नोकरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या लेस्टर क्लबने त्यांना घेतलं तेव्हा लोकांनी कपाळाला हात लावला. लेस्टर लीग जिंकण्यावर सट्टेवाल्यांचा भाव होता पाच हजारास एक. मे २०१६ मध्ये ते जिंकले. आणि नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, त्याच रानिएरींना काढलं. या गोष्टीचा पहिला भाग काका वापरतात, दुसरा धाकटा.

इंग्लंडचे कोच ब्रायन क्लफ तर दोघांनाही पुरून उरतात. १९७४ मध्ये लीड्स क्लबात फक्त ४४ दिवस टिकले. मग नॉटिंगहॅम फॉरेस्टला जाऊन दुसऱ्या श्रेणीतला तो संघ वर आणला, १९७८ मध्ये लीग जिंकली आणि १९७९ व १९८० असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग. आता यातून कोच वाईट होता म्हणायचं, क्लब वाईट होता म्हणायचं, की पत्रिका जुळली नाही म्हणायचं? ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. आमच्याकडे घेतातच.

या सगळ्यापेक्षा मला गंमत वाटते ती हेरगिरीची. उमेदवार ‘आहे तिथे खूश आहे’ म्हणाला की आम्हाला कळतं, बोलणी चालू आहेत. कुठल्याशा स्टेडियमच्या कठड्यावर तो बसलेला दिसला की पाहणीला आलाय. सट्ट्यातला भाव सकाळी दहास एक होता आणि दुपारी तिनास एक झाला, म्हणजे कोणाला तरी काहीतरी कळलंय. (बहुधा आमच्यासारख्याच चार जणांनी पैसे लावलेले असतात.) आणि विमानं! धाकट्याच्या फोनवर विमानांचा माग काढणारं अ‍ॅप आहे. अमुक शहरातून एक छोटं खाजगी विमान उडालं, आमच्या दिशेने वळलं, आणि आम्ही सगळे त्या पिवळ्या ठिपक्याकडे डोळे लावून. ठिपका आमच्या डोक्यावरून पुढे गेला आणि दोनशे मैलांवर उतरला. ‘‘दिशाभूल करतायत,’’ धाकटा म्हणाला.

दरम्यान सामने खेळावेच लागतात, म्हणून कुणाला तरी रेघेशी उभं करावं लागतं. बहुधा तरुण संघाचा कोच किंवा आधीच्याचाच मदतनीस. दगडापेक्षा वीट मऊ. तो दोन सामने जिंकला की आमच्यात फूट पडते. ‘ह्यालाच ठेवा’ पक्ष जन्माला येतो आणि भल्याभल्यांना त्यात ओढतो. रॉबर्टो दि मातेओंचं उदाहरण आहेच: मार्च २०१२ मध्ये चेल्सीत हंगामी म्हणून आले, आणि १९ मे रोजी म्युनिकमध्ये बायर्नला त्यांच्याच घरी हरवून चॅम्पियन्स लीग घेऊन गेले. मग कायम झाले. नोव्हेंबरात गेले. सोल्स्कयारही हंगामी असताना पहिले आठही सामने जिंकले होते. ‘हंगामी’ हा शब्द पुसला की काय होतं कोण जाणे. मला वाटतं, हंगामी माणसाकडून कोणी काही मागत नाही, म्हणून तो भरभरून देतो. कायम केल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तोही रिकामी खुर्ची राहत नाही, त्याच्याही खात्यावर पराभव मांडता येतात.

ताईंना हे असलं काव्य चालत नाही. त्यांनी नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वील यांचा अभ्यास पुढे केला. तिथल्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातला. ज्या संघांनी घसरण झाल्यावर कोच काढला त्यांची कामगिरी नंतर सुधारली. ठीक. पण तशीच घसरण होऊनही ज्यांनी कोच काढला नाही, त्यांचीही जवळपास तेवढीच सुधारली. इतका वाईट काळ आला की त्यानंतरचा थोडा बरा येतोच, कोणी का उभा असेना रेघेशी.

टेबलाभोवती शांतता पसरली. हे ऐकून कोणालाच आनंद झाला नाही. काकांना व्हायला हवा होता, त्यांच्याच बाजूचा मुद्दा होता, पण थांबलं तरी तेच आणि काढलं तरी तेच म्हटल्यावर फर्ग्युसनचं काय करायचं हे त्यांना कळेना. ‘‘ते डच लोकांचं,’’ ते शेवटी म्हणाले, ‘‘तिकडचं हवामान वेगळं.’’

ताईंनी मग कागद काढला आणि गेल्या काही हंगामांत क्लबमध्ये काय काय बदललं ते लिहायला घेतलं. कोच, त्यांचे मदतनीस, गोलकीपरला शिकवणारा, फिजिओ, कर्णधार दोनदा, जर्सीचा रंग, छातीवरची जाहिरात. एक नाव तेवढं तसंच होतं: या सगळ्या कोचना निवडून आणणारे स्पोर्टिंग डायरेक्टर. प्रत्येक नव्या कोचच्या गळ्यात स्कार्फ घालतानाच्या फोटोत तेच डावीकडे उभे असतात. आमच्यापैकी एकालाही त्यांचा चेहरा नीट आठवेना.

‘‘यांच्याबद्दल आपण कधीच कसं बोलत नाही?’’ ताईंनी विचारलं.

‘‘रेघेशी उभे नसतात ना,’’ धाकटा म्हणाला. ‘‘यांच्यावर सट्टा लागत नाही, यांचं विमान अ‍ॅपवर सापडत नाही. बोलणार काय?’’

काकांनी कागद उलटा करून बाजूला सारला. ‘‘ते पुढचं पुढे. आधी कोचचं बघू. तर मी काय म्हणत होतो, मागचा एवढा बडबड्या होता, तर आता एखादा कमी बोलणारा...’’

धाकट्याने पुन्हा पेनं मांडायला घेतली. या वेळी गोलकीपर म्हणून ताईंचा फोन.