फणसाच्या लाकडाची गिटार: माझा अनुभव

चांगली गिटार म्हणजे पाठ शिसवीची, हे आपल्याकडे दुकानदारापासून क्लासच्या सरांपर्यंत सगळे सांगतात. शिसव आपल्या सह्याद्रीतला. जगभरचे कारागीर 'इंडियन रोझवूड' म्हणून तोच वापरतात, त्यामुळे या बोलण्याला वजनही आहे. पण 2017 पासून शिसवाच्या सगळ्या जाती साइट्स कराराच्या, म्हणजे दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत आल्या. तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, तरी तोवर अनेकांनी दुसरी लाकडं हाताळायला घेतली होती. मला फणस खुणावत होता. तंजावरची वीणा फणसाची, मृदंगाचं खोड फणसाचं. मग गिटारच्या पाठीला तो का चालू नये?

फळ्या मिळाल्या राजापूरकडच्या एका उतरवलेल्या घराच्या माळ्यातून. वरून काळपट तांबूस, पण वखारीत बँडसॉवर चिरल्या तेव्हा आतून पिवळाजर्द रंग निघाला. निवडताना मी आधी प्रत्येक फळीचं टोक बघितलं. वाढीची वलयं फळीच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असतील तर ती फळी हवामान बदललं तरी कमी वाकते. आडव्या वलयांच्या सगळ्या बाजूला काढल्या.

मग टिचकी. फळी एका टोकापासून साधारण पाचव्या हिश्शावर दोन बोटांत हलकी धरायची, मधोमध टिचकी मारायची आणि कान जवळ न्यायचा. शिसवीच्या तुकड्याचा नाद बराच वेळ रेंगाळतो. फणसाचा स्वच्छ येतो, पण लवकर विरतो. कंपनातली ऊर्जा लाकूड आतल्या आत किती गिळतं, ते या टिचकीत कळतं. दुसरा फरक वजनाचा. शिसव घनमीटरला 800 किलोच्या आसपास, फणस त्याहून बराच हलका, महोगनीच्या जवळचा. मात्र एकाच माळ्यातल्या दोन फळ्याही टिचकीला वेगळ्या बोलल्या. तेव्हापासून 'अमुक लाकडाचा आवाज' असं सरसकट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खरी कसोटी कडा वाकवताना लागली. पाठ आणि वरची फळी जोडणारी कडेची पट्टी जेमतेम 2 मिलिमीटर जाडीची. माझ्या फळीत रेषा उलटसुलट होत्या, रंधा लावला की लाकूड उचकटायचं, म्हणून शेवटची जाडी स्क्रेपरने, म्हणजे धारदार पोलादी पत्र्याने, खरवडूनच काढली. तापलेल्या पाइपवर ओली पट्टी दाबताना गिटारच्या कमरेच्या आतल्या वळणावर तंतू कधी उठतील याचा नेम नसतो. पट्टीमागे पातळ पत्रा धरला, पाणी कमी केलं आणि हाताला लाकूड सैल झाल्याचं जाणवेपर्यंत जोर लावला नाही. ते सैल होणं तळव्याला स्पष्ट कळतं. घाई केली की पट्टी गेलीच.

चिकटवण्याचं काम मी पावसाळ्यात मुद्दाम थांबवलं. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं. तसंच ते आतून आधाराला लावायच्या आडव्या पट्ट्यांना जखडलं तर कोरड्या दिवसांत ते आकसतं आणि तडकतं. हवेतली आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर आल्यावरच सरस काढला.

वरचं पान, म्हणजे तारांखालची समोरची पातळ फळी, मात्र स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचीच ठेवली. आवाजाचा मोठा वाटा त्या पानाचा आणि त्याखालच्या पट्ट्यांचा. स्पेनचे गिटार कारागीर आंतोनियो दे तोरेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या करून हे दाखवलं होतं. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने 2018 मध्ये सहा गिटार तपासल्या; बाकी रचना शक्य तितकी सारखी, फक्त पाठ आणि कडांची लाकडं वेगळी. अंधाऱ्या खोलीत वेल्डिंगचे चष्मे लावून वाजवणाऱ्या 52 वादकांनी सगळ्यांना जवळपास सारखेच गुण दिले. महागड्या लाकडाचा जो डांगोरा पिटला जातो, त्यापुढे हे निकाल मला फार मोलाचे वाटतात.

तारा चढवल्यावर माझ्या शिसवी गिटारशेजारी ती वाजवली. मित्र पाठमोरे बसले होते. कोणती कुठली हे त्यांना खात्रीने सांगता येईना. मला वाजवताना खर्जाच्या स्वरांचं रेंगाळणं थोडं आखूड वाटतं आणि भरगच्च कॉर्डमध्ये मधल्या तारांचे स्वर सुटे ऐकू येतात. हे फणसामुळेच, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण दोन्हींची पानं वेगळ्या झाडांची आहेत. पण बोटांनी छेडून गाण्याला साथ करायला मी आता हीच उचलतो.

पुढच्या गिटारची मान तुणीची करणार आहे. मिरजेचे सतारमेकर हेच लाकूड वापरतात, आणि क्लासिकल गिटारच्या मानेला लागणारं स्पॅनिश सिडार तुणीच्याच कुळातलं आहे. सरळ रेषांचा तुकडा मिळाला आहे, वाळायला ठेवलाय.